भिंतीमागची पोकळी

भिंतीमागे काहीही नव्हतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण रहस्य राखून गोष्ट सांगणाऱ्यांचा मला राग येतो. भिंतीमागे दगड होता. भरीव, काळ्या शिरांचा, मॅंगनीजचा दगड. त्या दिवशी डोंगराच्या पोटात अडकलेल्या आम्हा सगळ्यांमध्ये हे फक्त एकीला माहीत होतं. संघमित्रा रामटेके तिचं नाव. बुद्धपौर्णिमेनंतर आमचं लग्न ठरलं होतं.

मी सारंग देवतळे. मित्रा आणि मी दोघंही विद्यापीठाच्या उच्च ऊर्जा भौतिकी विभागात डॉ. यशवंत पाठराबे सरांच्या हाताखाली पीएच.डी. करत होतो. विभागाचं नाव भारदस्त आणि छप्पर गळकं. पण सरांनी भंडारा जिल्ह्यातल्या काळमाथा टेकडीखालची एक बंद पडलेली खाण सरकारकडून मिळवली होती आणि तिच्या पोटात प्रयोगशाळा थाटली होती. तिथे बसून आम्ही डोंगराचा एक्स-रे काढत होतो.

एक्स-रे हा शब्द मी सोयीसाठी वापरतोय. काम म्यूऑनचं होतं. म्यूऑन म्हणजे इलेक्ट्रॉनचा थोराड भाऊ. अवकाशातले किरण हवेच्या वरच्या थरावर आदळले की म्यूऑनचा पाऊस पडतो. तुम्ही हे वाचत असतानाही तुमच्या तळहातातून दर सेकंदाला एखाद-दुसरा आरपार जातोय. दगडातूनही तो जातो, फक्त वाटेत दमतो. जाड दगडात बरेचसे म्यूऑन दमून थांबतात, मध्ये पोकळी असेल तर जास्त पलीकडे निघतात. पलीकडे बसून ते मोजले की डोंगराच्या आत कुठे काय आहे ते दिसतं. हे जगाला आधीपासूनच ठाऊक होतं. अडचण एवढीच होती की हा पाऊस फार विरळ असतो. एका डोंगराचं चित्र यायला महिनोन्महिने लागायचे.

सरांनी म्यूऑनची तोफ बनवली. वायूच्या बारक्या नळीत लेझरचा जबरदस्त झोत सोडायचा, त्यानं उठलेल्या लाटेवर इलेक्ट्रॉन स्वार होतात, प्रचंड वेग घेतात, टंगस्टनच्या ठोकळ्यावर आपटतात आणि त्यातून म्यूऑन उडतात. ज्या कामाला पूर्वी गावाएवढं यंत्र लागायचं ते आता एका ट्रकवर मावलं. ट्रक टेकडीच्या पलीकडच्या उतारावर, आम्ही डिटेक्टर घेऊन आत. अर्ध्या दिवसात डोंगर पारदर्शक. हे ऐकून लष्कर खूश झालं, धरणवाले खूश झाले, आणि ज्यांचं काही डोंगरात लपलेलं होतं त्यांची झोप उडाली. हा तिसरा वर्ग आमच्या हिशेबातच आला नव्हता. शास्त्रज्ञांचं हे असंच असतं.

आता मिठाबद्दल सांगायला हवं.

माणूस जे शोधायला बसतो ते त्याला दिसायला लागतं, हे सरांचं लाडकं वाक्य. त्यावरचा उपाय म्हणून आमच्या विभागात डेटात मीठ कालवायची पद्धत होती. प्रत्येक प्रयोगाच्या सुरुवातीला कॅन्टीनमध्ये पोहे खाता खाता चिठ्ठ्या टाकायच्या. ज्याच्या हाती खुणेची चिठ्ठी येईल त्यानं गुपचूप खऱ्या डेटात एक खोटा संकेत बनवून मिसळायचा. कोण तो, कुठे मिसळला, मिसळला की नाही, हे कुणालाच कळत नसे. सरांनासुद्धा. बाकीच्यांनी सगळं विश्लेषण पुरं करायचं, आकडे गोठवायचे, म्हणजे पुढे बदलायचे नाहीत, आणि मगच मीठवाल्यानं उभं राहून सांगायचं की, मंडळी, अमुक गोष्ट खोटी होती. तोवर त्यानं चर्चेत बसायचं, भांडायचं, स्वतःच्याच खोट्यावर शंका घ्यायच्या किंवा त्याची बाजू मांडायची आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. जगातल्या मोठ्या प्रयोगांतही असं करतात. आमच्याकडे ते व्रतासारखं पाळलं जाई.

त्या खेपेला खुणेची चिठ्ठी मित्राला आली होती. मला तिनं सांगितलं नव्हतं. नियम म्हणजे नियम.

आकडे गोठवायला आठवडा उरला असताना ते आले.

*

एम.एस्सी.ची सहा मुलं त्या दिवशी प्रयोगशाळा बघायला आली होती. सर त्यांना डिटेक्टरच्या थाळ्या दाखवत होते. बाहेर बोगद्याच्या तोंडाशी फटाका वाजल्यासारखं झालं. तो आमच्या पहारेकऱ्याच्या छातीत गेलेल्या गोळीचा आवाज होता, हे नंतर कळलं.

आठ माणसं आत आली. सगळ्यांकडे बंदुका, दोघांच्या पाठीवर स्फोटकांच्या पिशव्या. पुढे होता दामू ठेकेदार. बॅटरीच्या गाड्यांमुळे मॅंगनीजला सोन्याचा भाव आल्यापासून हा माणूस या पट्ट्यात चोरून खाणी चालवत होता. त्यानं आयुष्यात कधी कुदळ धरली नव्हती. त्याच्या हातावर एकही घट्टा नव्हता आणि नखं स्वच्छ कापलेली होती.

"कोनी हलायचं नाही," तो म्हणाला. "आमचं काम मशीनसंगं आहे. मशीन फोडतो, फोटोचे डबे घेतो, जातो."

आमचे तंत्रज्ञ वामन लांजेवार टेबलाशी होते. त्यांनी गुडघ्यानं धोक्याचं बटण दाबलं. बाहेर भोंगा वाजला. ठेकेदारानं शांतपणे वळून त्यांच्या पोटात गोळी घातली. लांजेवार खाली बसले, हातांनी पोट धरलं आणि आतलं बाहेर येऊ नये म्हणून दाबत राहिले. त्यांना मरायला फार वेळ लागला. मुलींपैकी एक त्यांच्याजवळ जाऊ लागली तर तिच्या तोंडावर बंदुकीचा दस्ता बसला. दात पडल्याचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

भोंग्यामुळे पोलीस आले आणि बोगद्याचं तोंड अडवून बसले. आठ माणसांचा अर्ध्या तासाचा उद्योग फसला. आता ते आत, आम्ही आत, आणि वाट एकच.

ठेकेदार फोनवर पोलिसांशी बोलला. गाडी द्या, रस्ता मोकळा करा. पलीकडचा साहेब त्याला गोड बोलून वेळ काढत होता. ठेकेदाराला वेळकाढूपणा कळत होता, कारण त्याचाही धंदा तोच. त्यानं फोन चालू ठेवला, तन्मय नावाच्या मुलाला कॉलर धरून गुडघ्यांवर बसवलं आणि त्याच्या कानामागे गोळी घातली.

"ऐकू आलं का साहेब?" तो फोनमध्ये म्हणाला. "अजून पाच पोट्टे आहेत."

तन्मयच्या डोक्यातलं रक्त डिटेक्टरच्या पांढऱ्या थाळीवर उडालं होतं. सर त्याकडे बघत होते. साठी ओलांडलेला माणूस, आयुष्यभर खडू आणि लेझर यांच्या पलीकडे काही हातात धरलं नाही.

ठेकेदारानं श्रुतिका नावाच्या मुलीचे केस धरून तिला ओढलं तेव्हा सरांना वाचा फुटली.

"थांबा," ते म्हणाले. "दुसरी वाट आहे. मी दाखवतो."

*

त्यांनी पडद्यावर डोंगराचं चित्र उघडलं. त्यात टेकडीच्या उत्तर अंगाला एक लांब वाकडी पोकळी दिसत होती.

ठेकेदार पडद्याच्या जवळ सरकला. ती त्याचीच चोरटी खाण होती. वळणं, फाटे, मधलं पाणी साचलेलं खोल दालन, सगळं जसंच्या तसं. दोन वर्षं त्यानं पोलिसांपासून, वनखात्यापासून आणि बायकोपासून लपवलेली गोष्ट एका विद्यापीठाच्या पडद्यावर निवांत पसरलेली होती. याचीच भीती वाटून तो आला होता.

"आणि हे बघा," सर म्हणाले. "तुमच्या खाणीच्या टोकाला जोडून ही आणखी एक पोकळी आहे. इंग्रजांच्या काळातलं खोदकाम असावं. ती इथे, आपल्या दालनाच्या या भिंतीपर्यंत येते. मध्ये जेमतेम दीड मीटर दगड. फोडला की तुम्ही तुमच्या खाणीत आणि तिथून पलीकडे बाहेर. मुलांना सोडा."

"पक्कं?"

"पाच सिग्मा." मग ठेकेदाराचा चेहरा बघून त्यांनी सोपं केलं, "हे योगायोगानं दिसत असण्याची शक्यता पस्तीस लाखांत एक. या भागाचं विश्लेषण माझ्या विद्यार्थिनीनं केलंय." त्यांनी मित्राकडे हात केला.

त्या माणसानं त्याच्या आयुष्यात कधीच कुणाला खोटा निकाल दाखवला नव्हता. त्या क्षणीही तो दाखवत नव्हता, त्याच्या मते. चित्रातली खाण खरी निघाल्यावर तिला चिकटलेली पोकळीही ठेकेदाराला खरीच वाटणार. खऱ्याच्या खांद्यावर बसून खोटं ऐटीत आलं होतं, आणि त्याला तिथे बसवणारी मुलगी माझ्या शेजारी उभी होती.

ठेकेदारानं श्रुतिकाचे केस सोडले. मित्रा काही बोलली नाही. बोलली असती तर केस परत मुठीत गेले असते, एवढं मला आता कळतं.

*

डिटेक्टर भिंतीला ठोकायला आणलेलं ड्रिल होतं. ते माझ्या हातात दिलं. माझ्या पाठीला बंदूक लावून ठेकेदाराच्या लख्या नावाच्या सुरुंगवाल्यानं भिंतीवर खुणा केल्या आणि मी भोकं पाडू लागलो. धुळीनं श्वास कोंडला, हातांची साल निघाली. जरा थांबलो की लख्याचा बूट मांडीवर बसायचा. एकदा चक्कर आली तर त्यानं माझं डोकं भिंतीवर आपटून शुद्धीवर आणलं. भोकं मीटरभर खोल गेली. त्यापुढे आमच्या ड्रिलचा दांडा पोचत नव्हता.

लख्यानं भिंतीवर हातोडी मारून कान लावला.

"मालक, आवाज भरीव येऊन राहिला."

"चित्र पाहिलं ना बे तू? आपली खाण दिसली ना त्यात?"

"दिसली. पण मालक, माहा कान…"

ठेकेदारानं त्याच्या कानाखाली वाजवली. "तुह्या कानापेक्षा मशीन हुशार आहे. भर."

सुरुंगाचं एक साधं तत्त्व आहे. स्फोटाला फुटून जायला मोकळी बाजू लागते. भिंतीपलीकडे पोकळी असेल तर दगड पलीकडे ढासळतो. नसेल तर ज्या भोकात दारू ठासली ते भोकच तोफेची नळी होतं आणि सगळा जोर जिथून आत घातला तिथूनच परत येतो. मित्राचे वडील तुमसरकडच्या खाणीत होते. हे तिला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक होतं.

आमचं दालन काटकोनात वळलेलं होतं. फोडायची भिंत लांब बाजूच्या टोकाला. तिच्या बरोब्बर समोर, दुसऱ्या टोकाला, शिशाच्या विटांची छातीएवढी भिंत. नको असलेले कण अडवायला आम्ही ती रचली होती, नुसती रचलेली, सिमेंटशिवाय, म्हणजे हवी तेव्हा हलवता येईल. बाजूला वळणाआड एक कोनाडा होता. ठेकेदार अनुभवानं नाही तरी स्वभावानं सावध, त्यानं कोनाडा बघितला आणि आपल्या माणसांना तिकडे वळवलं.

"तिकडे नका बसू," मित्रा म्हणाली. तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं होतं. "डिटेक्टरच्या गॅसच्या टाक्या आहेत तिथे. आयसोब्युटेन. स्वयंपाकाच्या गॅससारखाच भडकतो. धक्क्यानं एखादी तोटी उडाली तर कोळसा होईल."

टाक्या खऱ्या होत्या. भडकणंही खरं होतं. तोट्यांना लोखंडी टोपणं आवळलेली होती, तेवढं तिनं सांगितलं नाही.

ठेकेदार हसला. "मग तिथं तुम्हीच बसा." त्यानं पाचही मुलांना आणि मित्राला कोनाड्यात कोंबलं आणि आपली माणसं घेऊन शिशाच्या भिंतीमागे गेला. शिसं बघितलं की माणसाला सुरक्षित वाटतं.

मग त्यानं माझ्याकडे बोट दाखवलं. "याले भिंतीशी बांधा. पोकळी असंन तर वाचंन. नसंन तर मास्तर, खोटं बोलल्याची तुम्हाले शिक्षा."

लख्यानं माझे हात मागे बांधून मला दारू भरलेल्या भोकांसमोर, डिटेक्टरच्या खांबाला करकचून बांधलं. मी कोनाड्याच्या तोंडाशी उभ्या मित्राकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. तिच्या चेहऱ्यावर काहीही नव्हतं. मी तिला प्रेमात, भांडणात, तापात पाहिलं होतं, पण असं कधी नाही. मी मनाशी म्हणालो, ती खंबीर आहे. माझा चित्रावर पूर्ण विश्वास होता. मला वाटलं, धूळ खाईन, कान बसतील, पण वाचेन.

"त्याला सोडा," सर म्हणाले. "चित्र माझं आहे. मी बसतो."

"मास्तर, तुम्हाले भरवसा आहे ना?"

"म्हणूनच म्हणतोय."

ठेकेदाराला हा सौदा आवडला. मला सोडून कोनाड्यात ढकललं आणि सरांना माझ्या जागी बांधलं. बांधताना एक हात मोकळा राहिला. सरांनी सवयीनं त्या हातानं जमिनीवरची लोखंडी सळई उचलली, एका रिकाम्या भोकात घातली आणि आतून दगडावर ठोकली. भोकाच्या टोकापासून पोकळी हातभर अंतरावर असायला हवी होती. एवढ्या पातळ दगडाचा आवाज वेगळा यायला हवा. सरांनी पुन्हा ठोकलं. मग पुन्हा.

मी वळणावरून डोकावून त्यांचा चेहरा बघत होतो. वर्गात एखाद्यानं फळ्यावर चुकीचं चिन्ह लिहिलं की त्यांच्या कपाळावर जशी आठी यायची तशी आली. मग ती गेली आणि चेहरा पांढरा पडला.

"थांबा," सर ओरडले. "पोकळी नाही. हे मीठ आहे. आमच्यातल्या कुणीतरी खोटी पोकळी घातलीय डेटात, ही आमची पद्धत आहे, चाचणीसाठी. दगड भरीव आहे. वात लावू नका."

हे ते भीतीनं म्हणाले की खोटा निकाल त्यांना जिवापेक्षा असह्य होता म्हणून, मला माहीत नाही. दोन्ही असेल. मी त्यांना दोन्हींबद्दल दोष देत नाही.

ठेकेदार शिशाच्या भिंतीमागून बाहेर आला. "बसायची पाळी येईपर्यंत पोकळी होती. आता नाही?"

"मी खरं सांगतोय."

"मघा पस्तीस लाखांत एक सांगितलं, तेव्हा काय सांगत होते?" तो कोनाड्याशी आला. श्रुतिका भिंतीला चिकटून रडत होती. त्यानं तिच्याकडे पाहिलं, बंदूक तिच्या गुडघ्यावर टेकवली आणि मग मित्राकडे मान वळवली. "तूच काढली ना ही पोकळी? तू सांग. आहे का नाही? आणि सोचून सांग. नसंन तर मले इथंच राहावं लागते, आणि इथं राहायचं म्हणजे मले दर घंट्याले एक पोट्टी लागंन."

दालनात लांजेवारांच्या घशातली शेवटची घरघर चालू होती.

"पोकळी आहे," मित्रा म्हणाली. "सर घाबरलेत."

मीटरभर भोकं मी स्वतः पाडली होती, दगडाची धूळ माझ्या नाकात होती, तरी मी तिच्यावर विश्वास ठेवला. इतकं सरळ बोलली ती.

सरांनी ठेवला नाही. त्यांनी मान वळवून कोनाड्याकडे पाहिलं. मिठाची चिठ्ठी कुणाकडे होती ते त्यांना त्या एका वाक्यात कळलं. वीस वर्षं त्यांनीच विद्यार्थ्यांना शिकवलं होतं, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही.

"मित्रा, तू?" ते म्हणाले.

ठेकेदार शिशामागे परतला, लख्या वात पेटवून त्याच्या मागे धावला; सर नुसते कोनाड्याकडे बघत राहिले. आणखी ओरडता आलं असतं. ओरडले नाहीत.

*

स्फोट ऐकू येत नाही. आधी छातीवर कुणीतरी गुडघा दाबतं, मग सगळं पांढरं होतं आणि आवाज नंतर, आतून, हाडांतून येतो. भिंत तसूभरही पलीकडे गेली नाही. भोकांतून आग आणि दगड उलटे आले आणि लांब बाजूनं सरळ गेले. वाटेत सर होते. वाटेत डिटेक्टरच्या लोखंडी थाळ्या होत्या, त्या पत्त्यांसारख्या उडाल्या. टोकाला शिशाची भिंत होती.

आम्ही वळणाआड होतो. एका मुलाचा हात मोडला, माझ्या उजव्या कानाला त्या दिवसापासून ऐकू येत नाही. टाक्या जागच्या हलल्या नाहीत.

धूळ थोडी खाली बसल्यावर मी रांगत बाहेर आलो. सरांचं काय झालं ते मी लिहिणार नाही. खांब उभा होता.

शिशाच्या विटा आठही जणांवर कोसळल्या होत्या. एकेक वीट अकरा-बारा किलोची. लख्याचं डोकं कुठे आहे ते कळत नव्हतं. एक जण विटांखालून नुसता पाय झाडत होता, मग तोही थांबला. ठेकेदार कमरेपर्यंत गाडला गेला होता आणि जिवंत होता. तोंडातून रक्त येत होतं. एक हात त्यानं बाहेर काढला होता आणि बंदूक त्या हाताच्या जवळच होती.

"मशीन खोटं बोललं?" त्यानं विचारलं. खरंच आश्चर्यानं.

मित्रा माझ्या मागून आली होती. "मशीन नाही," ती म्हणाली. "मी."

ठेकेदाराचा हात बंदुकीकडे सरकला. मागे कोनाड्यातून मुलं एकेक करून बाहेर येत होती, थेट त्याच्या समोर. मित्रानं दोन्ही हातांनी एक वीट उचलली आणि त्याच्या डोक्यात घातली. तो पहिला घाव गरजेचाच होता. त्यानंतर ती थांबली नाही. पोलीस आत आले तेव्हा तिच्या हातातली वीट मला काढून घ्यावी लागली, आणि ती सहजासहजी सुटत नव्हती.

*

चौकशी झाली. मित्रानं सगळं जसंच्या तसं सांगितलं, मिठासकट. तिच्यावर कसलाही ठपका आला नाही. वर्तमानपत्रांनी तिला वाघीण वगैरे म्हटलं. विद्यापीठानं मिठाची पद्धत बंद करायचं ठरवलं, आणि सरांची तोफ दुसऱ्या राज्यातल्या पोलिसांनी मागवली. पाच मुलं घरी गेली. श्रुतिकाच्या आईनं मित्राच्या पाया पडायचा प्रयत्न केला तेव्हा मित्रा ओरडली. तेवढंच काय ते तिनं केलं.

महिन्याभरानं आम्ही सरांच्या घरी गेलो. कुमुदकाकूंनी पाणी दिलं, समोर बसल्या. त्यांनी लगेच मुद्द्याला हात घातला.

"शेवटी काही बोलले का ते?"

मला वाटलं, मित्रा काहीतरी बरं सांगेल. शास्त्रज्ञाच्या बायकोला शोभेल असं. माणसं असं सांगतात आणि त्यात काही वाईट नाही.

"त्यांना कळलं होतं की पोकळी खोटी आहे," मित्रा म्हणाली. "त्यांनी ओरडून सांगितलं. मी म्हणाले, पोकळी आहे, सर घाबरलेत. मग ते म्हणाले, 'मित्रा, तू?' एवढंच."

काकू उठल्या आणि त्यांनी तिच्या थोबाडीत मारली. हात जड होता. मग दुसऱ्या गालावर, मग पुन्हा पहिल्या. मित्राचा ओठ फुटला. तिनं चेहरा बाजूला घेतला नाही. मी मध्ये पडणार होतो, पण काकूंनीच हात खाली घेतला.

"खरंच घाबरले होते का?" त्यांनी विचारलं.

"हो काकू. फार."

"मग तेवढं खरं बोललीस." काकू आत गेल्या आणि दार लावून घेतलं.

गाडीत बसल्यावर मी तिला रुमाल दिला. तिनं ओठ पुसला. मी गाडी सुरू केली नाही. महिनाभर जे विचारायचं टाळत होतो ते तिथे, सरांच्या फाटकासमोर, तोंडातून निघालं.

"सरांच्या आधी मला बांधलं होतं तिथे."

"हो."

"तू काही बोलली नाहीस."

"नाही."

"सर मध्ये पडले नसते तर बोलली असतीस?"

तिनं विचार केला. खरोखर विचार केला, निकाल सांगायच्या आधी करते तसा. मी मनातल्या मनात तिला विनवत होतो की एकदाच, मिठाच्या चिमटीएवढं खोटं बोल.

"नाही," ती म्हणाली. "पोरं होती मागे."

मला राग यायला हवा होता, पण आला नाही. तिचं चुकलं असंही वाटलं नाही, आजही वाटत नाही. मला तिची भीती वाटली. ज्या चेहऱ्याकडे बघून मी खांबाला बांधलेला असताना धीर धरला होता तो चेहरा माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि तो मला वाचता येत नाही हे मला पहिल्यांदा कळलं.

"घरी सोडू का तुला?" मी म्हणालो. "की माझ्याकडे येतेस?"

"तुझ्याकडे आले तर चालेल तुला?"

साधा प्रश्न होता. उत्तर द्यायला मी जरा जास्तच वेळ घेतला. तिला मोजमापाची सवय होती, तिनं तो वेळ मोजला असणार. रुमालाची घडी करून तिनं ती सीटवर ठेवली, दार उघडलं आणि उतरून चालू लागली.